वेसण एक, नावं तीन

उंटाच्या नाकात अडकवलेली कडी पितळेची असेल तर ती ‘बुरा’, लाकडाची असेल तर ‘खिशाश’ आणि केसांची वळलेली असेल तर ‘खिझामा’. जुन्या अरबी कोशकारांचा काटेकोरपणा हा असा! त्या कडीला बांधलेला दोर म्हणजे ‘झिमाम’. बसलेल्या उंटाचा पुढचा पाय दुमडून बांधायची दोरी मात्र वेगळी, तिचं नाव ‘इकाल’. अरब पुरुष डोक्यावरच्या रुमालाभोवती जी काळी दोरी बसवतात, तिलाही हेच नाव आहे.

खोगीर आवळायच्या तंगाचीही तीच गत. ओझ्याच्या खोगिराचा तो ‘बितान’, हौद्याचा ‘वदीन’ आणि घोड्याच्या खोगिराचा ‘हिझाम’. आपला हौदा तरी मूळचा कुठला? बायकांना उंटावर बसण्यासाठी केलेला अरबांचा ‘हौदज’ फारसीमार्गे इकडे आला आणि थेट हत्तीवर चढला.

चाबूक म्हणजे ‘सौत’. त्याच्या टोकाच्या गाठीला ‘समरा’, म्हणजे चक्क फळ, म्हणत. येमेनच्या हिम्यरी राजांपैकी झू अस्बह याच्या नावावरून काही चाबकांना ‘अस्बही’ म्हणत.

हे सारं टिकलं ते कोशकारांमुळे. बसऱ्याच्या अल्-अस्मईने नवव्या शतकाच्या सुमारास उंटांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. पुढे स्पेनमधल्या इब्न सीदाने (मृत्यू १०६६) ‘अल्-मुखस्सस’ हा विषयवार कोश रचला, त्यातही उंटांचा भाग आहे. हा कोशकार अंध होता.