अनामिकता, समाजमाध्यमांतील

समाजमाध्यमांवर वावरताना आपले खरे नाव व परिचय इतरांस प्रकट न करण्याची स्थिती. तिचे दोन प्रकार संभवतात : कोणतेच नाव धारण न करणे (निनावीपणा) व एखादे कल्पित नाव सातत्याने वापरणे (टोपणनाव). दुसऱ्या प्रकारात व्यक्ती अज्ञात राहिली, तरी त्या नावाला लौकिक प्राप्त होतो व तो जपण्याची जबाबदारीही येते. म्हणून टोपणनाव म्हणजे खोटेपणा नव्हे. गोपाळ हरि देशमुख यांनी सरकारी सेवेत असताना १८४८ पासून *प्रभाकर* साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने *शतपत्रे* लिहिली; त्यांतील परखड समाजटीकेचे मोल त्या नावामुळे उणावले नाही.

खरे नाव द्यावे लागले, तर शिवीगाळ, बदनामी व फसवणूक यांना आळा बसेल, अशी नामसक्तीच्या पुरस्कर्त्यांची भूमिका असते. दक्षिण कोरियात २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर मजकूर लिहिण्यापूर्वी ओळख पटविणे कायद्याने बंधनकारक झाले. २०११ मध्ये तेथील एका लोकप्रिय सेवेतून सु. साडेतीन कोटी सदस्यांची माहिती चोरीस गेली व ओळखीचा असा साठा किती घातक ठरू शकतो, हे दिसून आले. २०१२ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरविली. तिच्यामुळे बेकायदेशीर मजकुरात लक्षणीय घट झालेली नाही, उलट अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मात्र संकोच होतो, असे न्यायालयाचे मत पडले. गूगल प्लस या माध्यमाने २०११ मध्ये लादलेला खऱ्या नावाचा नियम २०१४ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी फेसबुकने रंगमंचीय नावे वापरणाऱ्या कलावंतांची खाती बंद केल्याबद्दल क्षमायाचना केली.

ही अनामिकता सामान्यतः सापेक्ष असते. वाचकांस अज्ञात असलेली व्यक्ती भ्रमणध्वनी क्रमांक, जोडणीचा पत्ता इत्यादींच्या आधारे माध्यमचालक कंपनीस व तिच्यामार्फत शासनास शोधता येते. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांनुसार मोठ्या माध्यमांनी ओळख पडताळणीची सोय द्यावयाची असते. मात्र ती सदस्यांच्या इच्छेवर सोपविलेली आहे.

अनामिकतेच्या आडून छळ करणारे असतात, तसेच तिच्या आधाराने छळाला वाचा फोडणारेही असतात. नामसक्तीचा जाच दुसऱ्या गटास अधिक होतो. कारण नाव उघड झाल्यास नोकरी, आप्तसंबंध वा जीवित यांस धोका त्यांनाच संभवतो. त्यामुळे नावापेक्षा वर्तनाचे नियमन करणे व ओळख केवळ न्यायिक आदेशानेच उघड करणे, हा मार्ग अधिक समतोल ठरतो.