शोधयंत्राची कारवाई आणि लघुव्यवसायाचे संकेतस्थळ : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील लघुव्यावसायिकाकडे गिऱ्हाईक पूर्वी ओळखीतून, स्टेशनबाहेरच्या पाटीवरून किंवा स्थानिक वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातीवरून येत असे. वागळे इस्टेटमधील यंत्रशाळा असो वा डोंबिवली एमआयडीसीतील गाळा, आता चौकशीचा बराच भाग गुगलवरील शोधातून येतो. त्यामुळे संकेतस्थळ शोधनिकालांत एकाएकी दिसेनासे झाले की पहिला फटका बसतो तो दूरध्वनीला : तो वाजणे थांबते. प्रस्तुत लेखात या घसरणीची कारणे आणि त्यातून बाहेर पडण्याची प्रक्रिया यांचा विचार केला आहे.

दंड कोणता, की दंडच नाही?

‘गुगलने दंड केला’ या एका वाक्याखाली तीन वेगळ्या घटना दडलेल्या असतात. पहिली म्हणजे ‘मॅन्युअल ॲक्शन’, म्हणजेच गुगलच्या कर्मचाऱ्याने संकेतस्थळ पाहून केलेली कारवाई. तिची लेखी सूचना ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सेवेत मिळते आणि तिच्यावर दाद मागता येते. दुसरी घटना अल्गोरिदममुळे होणाऱ्या घसरणीची. तिची नोटीस येत नाही आणि तिच्यावर अपीलही नाही. तिसऱ्या प्रकारात दंड मुळी झालेलाच नसतो. संकेतस्थळाची नवी मांडणी करताना पानांचे पत्ते बदलले, पण जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळण दिले नाही. किंवा काम चालू असताना लावलेली ‘या पानाची नोंद घेऊ नये’ ही सूचना काढायची राहून गेली. डोमेनचे नूतनीकरण चुकणे हेही असेच एक कारण. संकेतस्थळात कोणी घुसखोरी केली असेल, तर शोधनिकालांत आपल्या नावाखाली भलत्याच वस्तूंची जपानी लिपीतील पाने दिसू लागतात.

निदानाआधीच उपचारासाठी पैसे मोजणे हा या व्यवहारातील सर्वांत महागडा दोष होय. सर्च कन्सोलचा ताबा बहुधा संकेतस्थळ बनवणाऱ्या कंत्राटदाराकडे असतो. नोटीस आलेली असते, पण ती मालकाला ठाऊक नसलेल्या खात्यात पडून राहते. म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर आहे ना, हे पाहणे आणि त्याच्या डीएनएस नोंदीद्वारे सर्च कन्सोलची मालकी स्वतःकडे घेणे, हे काम इतर सर्व दुरुस्तीच्या आधीचे आहे.

गावोगावची पाने

समजा, डोंबिवलीतील एका गाळ्यातून कीटकनियंत्रणाचा व्यवसाय चालतो. ‘पहिल्या पानावर आणून देतो’ अशी हमी देणारा कोणी भेटतो (पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते) आणि संकेतस्थळावर तीस-चाळीस पाने तयार होतात : ठाणे पश्चिम, घोडबंदर रोड, कळवा, मुंब्रा, डोंबिवली पूर्व, ठाकुर्ली, कल्याण पश्चिम, टिटवाळा. मजकूर तोच, फक्त गावाचे नाव बदललेले. पूर्व-पश्चिम असे प्रत्येक स्टेशनचे दोन भाग असल्याने आपल्या परिसरात अशी पाने दुपटीने वाढतात.

गुगलच्या भाषेत ही ‘डोअरवे’ पाने होत. ही युक्ती नवी नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ याच कारणावरून निर्देशांकातून काढले गेले आणि ती पाने हटवल्यावर काही दिवसांतच परत आले. मार्च 2015 मध्ये गुगलने अशा पानांविरुद्ध अल्गोरिदममध्ये स्वतंत्र सुधारणा जाहीर केली. मार्च 2024 पासून क्रमवारीसाठी घाऊक निर्माण केलेला निरुपयोगी मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, धोरणभंग मानला जातो. शेकडो पाने यंत्राने मराठीत उलथवणाऱ्यांनीही याची नोंद घ्यावी.

यावर उपाय पाने पुसून एकत्र करण्याचा. घोडबंदर रोडवरील नव्या इमारतीच्या पायातील वाळवीप्रतिबंध आणि डोंबिवलीतील जुन्या चाळीतील झुरळांचा बंदोबस्त ही खरोखर वेगळी कामे आहेत. त्यांची पद्धत, दर आणि छायाचित्रे देणारी दोन पाने राहण्यास हरकत नाही. कल्याण पूर्व आणि कल्याण पश्चिम यांना मात्र वेगळे पान देण्याचे कारण सापडत नाही. सेवा कोठपर्यंत मिळते हे सांगायचे असेल, तर गुगलच्या ‘बिझनेस प्रोफाइल’मध्ये वीसपर्यंत सेवाक्षेत्रे नोंदवता येतात. तेथे व्यवसायाच्या नावात गावाची व सेवेची नावे कोंबली, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. ती कारवाई वेगळी आणि तिचे अपीलही वेगळे.

विकत घेतलेले दुवे

इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे म्हणजे एक प्रकारची शिफारस, आणि ती विकतही मिळते. 24 एप्रिल 2012 रोजी आलेल्या ‘पेंग्विन’ बदलाने अशा दुव्यांवर उभ्या असलेल्या संकेतस्थळांना खाली ढकलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुवे नाकारण्याचे साधन उपलब्ध झाले. सप्टेंबर 2016 पासून पेंग्विन मूळ अल्गोरिदमचा भाग झाला आणि संपूर्ण संकेतस्थळ दाबण्याऐवजी खोट्या दुव्यांचे मोल काढून घेण्यावर भर आला. त्यामुळे दुवे नाकारण्याची यादी बहुतेक लघुव्यावसायिकांना लागतच नाही. दुव्यांबाबत मॅन्युअल ॲक्शन आली असेल, तर मात्र आधी दुवे काढवून घ्यावेत आणि जे निघत नाहीत तेवढेच यादीत घालावेत. ही यादी सरसकट पाठवल्यास चांगले दुवेही हातचे जातात.

पुनर्विचाराची विनंती

मॅन्युअल ॲक्शन असल्यास सर्व बाधित पाने दुरुस्त करूनच पुनर्विचाराची विनंती पाठवावी. दोष नेमका कोणता होता, दुरुस्तीसाठी काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढे तीत स्पष्ट असावे. ‘जुन्या कंत्राटदाराने केले’ ही तक्रार खरी असली तरी तिने काम भागत नाही. उत्तरास काही दिवस ते काही आठवडे लागतात, दुव्यांच्या प्रकरणी अधिकही. उत्तर येण्यापूर्वी पुन्हा विनंती पाठवण्यात अर्थ नसतो. अल्गोरिदमच्या घसरणीत विनंतीचा मार्गच नाही. दुरुस्ती करून पुनर्मूल्यांकनाची वाट पाहावी लागते आणि त्यास कित्येक महिने लागू शकतात.

कारवाई उठली म्हणजे जुना क्रमांक परत मिळतो, असेही नाही. तो क्रमांक विकतच्या दुव्यांनी मिळालेला असेल, तर तेवढा भाग कायमचा गेला. कीटकनियंत्रणासारख्या व्यवसायात पावसाळ्याच्या तोंडावरचे दोन महिने हुकले, तर वर्षाचा हिशेब बिघडतो. तेव्हा दुरुस्ती चालू असताना जुन्या वह्यांतील ग्राहकांना आणि गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना फोन करण्याचे काम थांबवता येत नाही.