शरीराची घडी – ६ : दुखते मागे, आखडते पुढे

मुंबईहून पुण्याला चार तास बसने आलेली मंडळी उतरताना पाहा. जमिनीला पाय लागला की हात कमरेवर. पहिली पाच-सहा पावले वाकून पडतात, मग माणूस हळूहळू सरळ होतो आणि म्हणतो, "बसून बसून कंबर धरली." धरलेले असते ते बहुधा पुढच्या बाजूला, मांडी धडाला मिळते तिथे.

मान-खांदे मागच्या आठवड्यात झाले. आज जरा खोल जाऊ. आतड्यांच्या मागे, मणक्यांच्या दोन्ही अंगांना 'सोआस' नावाचा लांबट स्नायू असतो. छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पाचही मणक्यांपासून निघून तो ओटीपोटातून उतरतो आणि मांडीच्या हाडाला वर, आतल्या बाजूने चिकटतो. जिना चढताना पाय उचलतो तो हाच. खुर्चीत तो आखूड होऊन पडून राहतो. दिवसभर ऑफिस, जाता-येता स्कूटर, रात्री सोफा; त्याला लांब व्हायला सांगतो कोण? मग उभे राहिल्यावर तो पुरेसा सैल झाला नाही, तर खालचे टोक मांडीला बांधलेले असल्याने वरचे टोक कमरेचे मणके पुढे ओढते. कमरेचा बाक वाढतो, पोट पुढे येते. मागचे स्नायू तोल सांभाळून थकतात आणि ठणकतात. बाम चोळला जातो तो त्यांनाच.

घरी पाहायचे असेल तर दिवाणाच्या अगदी कडेवर बसा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि तसेच मागे आडवे व्हा. दुसरा पाय लोंबू द्या. त्याची मांडी गादीला टेकली तर छान. अधांतरी राहिली तर पुढची बाजू आखडली आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला हाडांवर उपचार करणारे ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासणीचाच हा घरगुती प्रकार.

आता थोडे पाणी ओततो. बाक जास्त असूनही काही न दुखणारे पुष्कळ असतात, आणि ताठ उभे राहणाऱ्यांचीही कंबर दुखते. शिवाय 'आखडल्यासारखे वाटणे' म्हणजे स्नायू खरोखर आखूड झालाच, असे नाही. अपुरी झोप आणि काळजीसुद्धा तसेच वाटायला लावते. त्यामुळे 'पोश्चर सुधारणारे' पट्टे विकणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकणे फुकट आहे आणि जास्त उपयोगी.

ताण द्यायचाच तर बाण सोडायला बसलेल्या धनुर्धरासारखे एक गुडघा टेकून बसा. टेकलेल्या बाजूचे कुल्ले आवळा आणि मग अंग किंचित पुढे न्या. कुल्ले न आवळता नुसते पुढे झुकलात तर कंबरच वाकते आणि सगळे फुकट जाते. तीस सेकंद, दोन-तीन वेळा, दोन्ही बाजूंना. सूर्यनमस्कारात एक पाय मागे जातो तेव्हा हेच घडते. पण बारा नमस्कार तीन मिनिटांत उरकणाऱ्यांच्या वाट्याला ते येत नाही.

दुखणे गुडघ्याखाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.