मिक्सर उलटा करून बघा

इंजिनिअरिंगला ऍडमिशन मिळाली की नातेवाईकांच्या लेखी आपण लगेच तज्ज्ञ होतो. ब्रँच कुठलीही असो. सिव्हिलवालीलाही आत्या विचारते, "अगं, मिक्सर पाचशेचा घेऊ की साडेसातशेचा?" इलेक्ट्रिकलवालीची तर सुटकाच नाही! डीसी मशीन्सचा व्हायवा परवडला, पण दिवाळीच्या सुट्टीतला हा व्हायवा नको. तिथे उत्तर चुकलं तर मार्क जातात, इथे घरच्यांचे पैसे जातात.

यंदा आमच्या घरी ओटा नवीन केला आणि त्या निमित्ताने मिक्सर, फ्रिज आणि इंडक्शन शेगडी अशी तिहेरी खरेदी निघाली. मग बसले वही-पेन घेऊन. त्यातलं जे होस्टेलच्या मित्रमैत्रिणींना आणि स्टाफलाही उपयोगी पडेल, ते इथे मांडते आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. दुकानात वस्तूच्या तोंडावर जो चकचकीत स्टिकर असतो, तो विकणाऱ्याने लावलेला असतो. मागे किंवा बुडाला एक बारीक अक्षरांची पाटी असते, व्होल्ट, वॅट, मिनिटं लिहिलेली. आपल्या कामाची ती. तेव्हा वस्तू खुशाल उलटी करा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

पण पाटी वाचण्याआधी आपल्या स्वयंपाकघराची भिंत वाचायला हवी. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर किती करंट घेते? २००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ८.७ ऍम्पिअर. भिंतीवरचा लहान सॉकेट असतो ६ ऍम्पिअरचा आणि मोठा १६ चा (दुकानदार अजूनही त्यांना 'पाच' आणि 'पंधरा'च म्हणतात). ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन ऍम्पिअरच्या आसपास घेतो, तो लहान सॉकेटवर आरामात चालतो. शेगडी नाही चालत. काही जण मोठी पिन लहान सॉकेटला जोडणारा कन्व्हर्टर आणून मोकळे होतात. पिन बसते, पण भिंतीच्या आतली वायर तीच जुनी, बारीक राहते. ती तापते, आणि तापलेली कुणाला दिसत नाही. वीजबिलावर 'मंजूर भार' म्हणून किलोवॅटमध्ये एक आकडा छापलेला असतो, तोही बघून घ्या. गिझर, शेगडी आणि इस्त्री एकाच वेळी चालू असेल तर त्यांचीच बेरीज सहा किलोवॅटच्या घरात जाऊ शकते.

आता अर्थिंग. तीन पिनांमधली वरची पिन लांब आणि जाड का, हा फर्स्ट इयरचा ठरलेला प्रश्न. लांब, कारण प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. जाड, कारण ती चुकून फेजच्या भोकात शिरू नये. हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण कितीतरी जुन्या घरांत वरचं भोक नुसतं भोकच असतं, त्याच्या मागे वायरच नसते! फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात आणि घरातले म्हणतात, "चप्पल घालून उघड." अहो, तो फ्रिजचा स्वभाव नाही, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. ओली फरशी, ओले हात आणि अनवाणी पाय हे तिन्ही स्वयंपाकघरात एकत्र असतात, आणि तिथे दिवसभर उभी असते ती बहुतेक आईच.

"पण एमसीबी बसवलाय की आम्ही!" हे हमखास ऐकू येतं. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट झालं की पडतो. माणसाच्या शरीरातून तीस-चाळीस मिलिऍम्पिअर गेले तरी जिवाला धोका असतो, आणि १६ ऍम्पिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, घरासाठी ३० मिलिऍम्पिअरचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, यावर तो लक्ष ठेवतो. फरक पडला की सप्लाय तोडतो. आमच्या खरेदीच्या यादीत मी हे दोन्ही, म्हणजे अर्थिंग आणि आरसीसीबी, सगळ्यात वर लिहिलं. बाबा म्हणाले, "हे काय ओट्यावर ठेवायचं आहे का?" नाही, म्हणूनच तर त्यासाठी कुणी पैसे बाजूला काढत नाही.

आता मिक्सर. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरातली सगळ्यात कष्टाळू मोटर हीच. आपल्याकडच्या मिक्सरचा इतिहासही मजेशीर आहे. १९६० च्या दशकात मुंबईत माधुरी माथूर यांचा परदेशी मिक्सर जळाला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. परदेशी ब्लेंडर बनवलेले असायचे सूप आणि मिल्कशेकसाठी, आणि आपण त्यात घालणार सुकं खोबरं, मिरच्या, भिजवलेली डाळ! माथूरांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशा मोटरचा मिक्सर तयार केला. तोच पुढे 'सुमीत' म्हणून घराघरांत गेला.

मुळात मिक्सर जळतो कशामुळे? त्यात युनिव्हर्सल मोटर असते, फील्ड आणि आर्मेचर सिरीजमध्ये. मोकळी फिरवली तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत पळते. घट्ट वाटण घातलं की वेग उतरतो. वेग उतरला की बॅक ईएमएफ कमी होतो, त्यामुळे करंट वाढतो. करंट वाढला की वाइंडिंग तापतं. गंमत म्हणजे मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. म्हणजे नेमकी जेव्हा हवेची जास्त गरज, तेव्हाच पंखा हळू फिरतो. आई जेव्हा म्हणते, "थोडं पाणी घाल, मिक्सर कण्हतोय," तेव्हा तिने मशीन्सचा अख्खा चॅप्टर एका वाक्यात सांगितलेला असतो.

म्हणून पाटीवर वॅटच्या जोडीला मिनिटं बघा. बऱ्याच मिक्सरवर ३० मिनिटं असं रेटिंग असतं. त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नाही! पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशा हप्त्यांनी मिळून अर्धा तास. माहितीपुस्तिकेत ते दिलेलं असतं, पण ती पुस्तिका खोक्याबरोबर माळ्यावर जाते. बुडाला एक छोटं बटण असतं, बहुतेक वेळा लाल. ओव्हरलोड झाला की ते बाहेर येतं. मिक्सर मेला असं समजून दुरुस्तीला नेण्याआधी जार काढा, थोडा वेळ थांबा आणि ते बटण दाबून बघा.

पाचशे की साडेसातशे? पाटीवरचे वॅट हे मोटर आत घेते ते, पात्याला मिळतात ते नव्हेत. त्यामुळे १००० वॅटचा मिक्सर ५०० वाल्याच्या दुप्पट बारीक वाटेल असं काही नाही. पात्याचा आकार, जारचा आकार आणि जारात किती भरलंय यावर पुष्कळ अवलंबून असतं. चौघांचं घर, चटणी, आलं-लसूण, कधीतरी ताक-लस्सी, एवढंच असेल तर ५०० पुरतो. रोज ओल्या नारळाचं वाटण आणि दर आठवड्याला इडलीचं पीठ असेल तर ७५० घ्या. तो वेगाने काम करतो म्हणून नव्हे, तेवढ्याच कामाला कमी तापतो म्हणून. बुडाला आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४२५० हा क्रमांक आहे का बघा, तो मिक्सरच्या भारतीय मानकाचा आहे. जारचं झाकण स्वतः लावून बघा. खालचा कपलर आणि झाकणाची रबरी रिंग तुमच्याच गावात सुटी मिळते का, हे विचारा. कपलर तुटणारच. तो तुटतो म्हणून मोटर वाचते. पण त्या एवढ्याशा तुकड्यासाठी तालुक्याच्या गावी दोन हेलपाटे घालावे लागले तर मिक्सर कितीही चांगला असला तरी ओट्यावर नुसताच बसून राहतो.

इंडक्शन शेगडीचं तत्त्व आपल्याला माहीत असतं. काचेखाली कॉइल, त्यात वीस-तीस किलोहर्ट्झच्या आसपासचा करंट, आणि भांड्याच्या बुडात एडी करंट. तापतं ते भांडं, शेगडी नव्हे. पण दुकानात तत्त्व कामाला येत नाही, लोहचुंबक येतं. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक खिशात टाकून घरातल्या भांड्यांवर फिरा. ऍल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेली, तांब्याच्या बुडाची भांडी बाद. स्टीलची सगळी चालतील असंही नाही. काही स्टीलला चुंबक चिकटतच नाही. गोल बुडाची कढई बाद. म्हणजे शेगडीच्या किमतीत नवा कुकर, नवा तवा, नवी कढई मिळवा, मगच ती स्वस्त की महाग ते ठरवा.

आणि गॅसपेक्षा खरंच स्वस्त पडते का? हिशोब करू. एलपीजीच्या एका किलोत साधारण १२.८ युनिट उष्णता असते. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे १८२ युनिट. चांगल्या गॅस शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर भांड्यात पोचतात सुमारे १२४ युनिट. इंडक्शनची ८५ टक्के धरा. तेवढीच उष्णता द्यायला तिला १२४ भागिले ०.८५, म्हणजे १४५-१४६ युनिट वीज लागेल. आता तुमच्याकडच्या सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा. आलेला आकडा तुमच्या विजेच्या दरापेक्षा जास्त असेल तर इंडक्शन परवडते, कमी असेल तर गॅस. मात्र दर कुठला धरायचा, इथे बहुतेक जण फसतात. शंभर युनिटच्या आतला दर धरून चालणार नाही. शेगडीचे युनिट आधीच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये पडतात. त्यात वहन आकार आणि वीज शुल्कही मिळवा. आमच्या घरचा हिशोब केला तर इंडक्शन रोजच्या स्वयंपाकाला परवडत नाही, पण गॅस संपला तर हाताशी असावी, इतपतच पटलं. तुमच्या बिलावर उलटंही येईल.

शिवाय भाकरी! तव्यावरची भाकरी काढून आचेवर फुगवायची तर ज्योत हवीच. वांगं भाजायला पण हवी. स्वस्त शेगड्यांमध्ये आणखी एक खोड असते. कमी वॅटचं बटण दाबलं की त्या मंद होत नाहीत, पूर्ण जोरात चालू-बंद, चालू-बंद होत राहतात. दूध आटवणाऱ्यांनी हे दुकानातच पाणी ठेवून बघावं.

फ्रिजचं थोडक्यात सांगते. स्टार लेबलची योजना बीईईने २००६ साली सुरू केली. लोक तारे मोजतात आणि थांबतात. ताऱ्यांचे निकष मध्ये मध्ये कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवर वर्ष असतं ते बघा, आणि वर्षाला किती युनिट हा आकडा बघा. समजा एकाचे १८० आणि दुसऱ्याचे २४० आहेत. फरक ६० युनिटचा. त्याला आपल्या दराने गुणा आणि किमतीतला फरक किती वर्षांत भरून निघतो ते काढा. दहा-बारा वर्षं लागणार असतील तर तारे मोजून उपयोग नाही. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये पंखा आणि बर्फ वितळवणारा हीटर असतो, डायरेक्ट कूलमध्ये नसतो. म्हणून लहान घराला डायरेक्ट कूल वाईट नाही, फक्त बर्फ साचला की वितळवायचं काम आपलं. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' या वाक्यावर न थांबता किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, तो आकडा मागा. आणि हो, 'कॉम्प्रेसरला दहा वर्षं वॉरंटी' याचा अर्थ बहुधा नुसता कॉम्प्रेसर फुकट. गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा चार्ज वेगळा. वॉरंटी कार्डावरच्या अपवादांची यादी घरी येऊन वाचण्यापेक्षा दुकानात उभ्या उभ्या वाचा.

मायक्रोवेव्हवर ८०० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारे. भिंतीतून तो बाराशेच्या आसपास ओढतो. मिक्सरच्या बरोबर उलट! त्यामुळे मागची पाटी इथेही बघा.

होस्टेलवाल्यांसाठी एवढंच, की रेक्टर सर किटलीवर बंदी घालतात ती केवळ हौस म्हणून नव्हे. १५०० वॅटची एक किटली, विंगमध्ये वीस खोल्या, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकाच वेळी मॅगी आठवते. तीस किलोवॅट! रात्री दीडला विंग अंधारात जाते ती अशी.

आमच्या घरी शेवटी वायरमनकाका आधी आले. अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, आरसीसीबी बसवला, ओट्याजवळ एक १६ ऍम्पिअरचा पॉइंट स्वतंत्र वायरने काढला. मग ७५० वॅटचा मिक्सर आणि डायरेक्ट कूल फ्रिज आला. इंडक्शनसाठी यंदा पैसे उरले नाहीत. पॉइंट तयार आहे, त्यावर सध्या बाबांची इस्त्री चालते.