खोक्यांत राहिलेला इतिहास

दिल्लीच्या नैऋत्येकडील द्वारका उपनगरात राहणाऱ्यांकडे गावाहून पाहुणे आले, की लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट ही यादी ठरलेलीच असते. या यादीत आणखी एका ठिकाणाची भर घालायला हरकत नाही. द्वारकेला लागूनच असलेल्या गुरुग्राममध्ये, सेक्टर २८ मध्ये ‘म्यूझिओ कॅमेरा’ नावाचे छायाचित्रकलेचे संग्रहालय आहे.

छायाचित्रकार आदित्य आर्य यांना जुने कॅमेरे जमवण्याचा नाद. हा संग्रह आधी त्यांच्या घराच्या तळघरात होता. पुढे गुरुग्राम महानगरपालिकेने वास्तू दिली, आर्य यांनी संग्रह दिला आणि २०१९ साली सुमारे १८ हजार चौरस फुटांचे हे दालन सर्वांसाठी खुले झाले. काचेच्या पट्टीवर चित्र घेणाऱ्या लाकडी कॅमेऱ्यांपासून आपल्या आजोबांच्या गळ्यातल्या चौकोनी डब्यापर्यंत सगळे येथे पाहता येते. मुले तर तासन्‌तास रमतात.

पण आर्य यांच्याकडचा खरा ठेवा कॅमेऱ्यांचा नव्हे. तो आहे कुलवंत रॉय यांच्या छायाचित्रांचा.

१९१४ साली जन्मलेले रॉय हे दिल्लीतील वृत्तछायाचित्रकार. मोरी गेट भागात त्यांची छायाचित्रसंस्था होती. गांधीजी, नेहरू, जीना, खान अब्दुल गफारखान यांना त्यांनी अगदी जवळून टिपले. स्वातंत्र्यानंतर भाक्रा-नांगल धरण उभे राहताना ते कॅमेरा घेऊन तेथेही हजर होते. १९५८ साली ते जगप्रवासाला निघाले. देशोदेशी घेतलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह ते टपालाने दिल्लीला पाठवत राहिले. परत आले तेव्हा कळले, की टपाल पोहोचलेच नाही! मग या माणसाने ती पाकिटे शोधण्यासाठी शहरातले कचऱ्याचे ढीगसुद्धा उपसले. हाती काही लागले नाही.

रॉय १९८४ साली गेले. आर्य कुटुंबाशी त्यांचा जुना घरोबा होता, म्हणून उरलेला सारा ठेवा त्यांनी तरुण आदित्यच्या हवाली केला. खोकी आली, ठेवली गेली आणि दोन दशकांहून अधिक काळ तशीच राहिली. यात आर्य यांना दोष कोण देणार? आपल्याही माळ्यावरची ट्रंक आपण कधी उघडली, हे आठवून पाहावे. मात्र निगेटिव्ह वाट पाहत नाही. फिल्म दमटपणाने आक्रसते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, आणि एकदा चित्र गेले की ते कायमचेच.

सुदैवाने खोकी वेळेत उघडली गेली. कित्येक निगेटिव्हचे प्रिंट तोवर कधी निघालेच नव्हते. त्या साफ करणे, कोणत्या चित्रात कोण आणि कधीचे हे लावणे, संगणकावर उतरवणे, असे किचकट काम आर्य यांनी हाती घेतले. २००८ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि २०१० मध्ये त्यांचे पुस्तकही निघाले. रॉय यांचे नाव लोकांना नव्याने कळले, ते त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ पाव शतकाने.