स्वाक्षरित संग्रहातील आज्ञावली आणि सुरक्षा-परवानग्यांची चाचणी

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हा 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आला आणि अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ई-निविदा प्रणालीत निविदा भरण्यासाठी अंकीय स्वाक्षरी प्रमाणपत्र आवश्यक ठरले. रोह्यासारख्या तालुक्याच्या गावातील कंत्राटदारही त्यास अपवाद नाही. ज्या संगणकावर अशी स्वाक्षरी वापरली जाते, तेथे बाहेरून आलेल्या आज्ञावलीला किती अधिकार द्यावेत, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. जावा भाषेच्या सुरक्षाव्यवस्थेवरून तो स्पष्ट होतो.

स्वाक्षरीचा अर्थ :
जावातील आज्ञावली 'जार' या संग्रहात बांधली जाते. संग्रहावरील स्वाक्षरीने दोनच गोष्टी सिद्ध होतात : तो कोणी प्रमाणित केला आणि नंतर त्यात बदल झाला नाही. आज्ञावली निर्धोक आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणूनच 1998 च्या जावा 1.2 पासून स्वाक्षरीकर्ता व संग्रहाचे स्थान पाहून मर्यादित परवानगी देण्याची सोय धोरण-फाइलीत झाली, उदा. एकाच फोल्डरमधील फाइली केवळ वाचण्याची.

चाचणीची पद्धती :
पुढील चार स्थिती तपासणे आवश्यक असते.
1. योग्य स्वाक्षरी, परवानगी असलेली कृती : यश.
2. योग्य स्वाक्षरी, परवानगी नसलेली कृती : नकार.
3. स्वाक्षरी नाही किंवा अन्य व्यक्तीची आहे : नकार.
4. स्वाक्षरीनंतर वर्गाच्या फाइलीत फेरफार : तो वर्ग लोड होतानाच नकार.

येथे दोन प्रकारे फसगत संभवते. स्वतंत्र आज्ञावली चालविताना सुरक्षा-व्यवस्थापक आपोआप सुरू होत नसे. तो सुरू न केल्यास प्रत्येक कृती यशस्वी होते आणि पहिली चाचणी निरर्थक ठरते. उलटपक्षी, परवानगी देताना बोलावणाऱ्या साखळीतील सर्व वर्ग तपासले जातात. त्यामुळे चाचणीच्या वर्गालाच परवानगी नसेल, तर निर्दोष संग्रहालाही नकार मिळतो.

सद्यःस्थिती व निष्कर्ष :
2021 च्या जावा 17 मध्ये सुरक्षा-व्यवस्थापक कालबाह्य ठरविण्यात आला आणि 2025 च्या जावा 24 मध्ये तो कायमचा बंद झाला. संग्रहावरील स्वाक्षरी पडताळता येते. परंतु अधिकारांची मर्यादा आता कार्यप्रणालीच्या पातळीवर घालावी लागते. जुनी प्रणाली नव्या आवृत्तीवर नेताना म्हणूनच नकाराच्या चाचण्या प्रथम घ्याव्यात. स्वाक्षरी ओळख पटविते. अधिकार स्वतंत्रपणे ठरवावे व तपासावे लागतात.