मोटारसायकलची नवी बॅटरी : निवड कशी करावी?

वऱ्हाडांतील घरांत एके काळीं जें स्थान दमणीला होतें, तें आज मोटारसायकलनें घेतलें आहे. घरचा कर्ता पुरुष तिच्यावर कचेरीस जातो, मुलगी महाविद्यालयास जाते, आणि रात्रीं-अपरात्रीं डॉक्टरांकडे धांव घ्यावयाची तीही तिच्यावरच. परंतु तिची बॅटरी बदलण्याची वेळ आली म्हणजे सुशिक्षित गृहस्थही दुकानदार देईल ती पेटी मुकाट्यानें घेऊन येतात. हा व्यवहार डोळसपणें कसा करावा, एवढेंच सांगण्याचा आमचा हेतु आहे.

गाडी सुरू झाली नाहीं म्हणजे दोष बॅटरीचाच असतो असें नाहीं. तारांच्या टोकांवर साचलेला क्षार किंवा एखादा ढिला स्क्रू यांमुळेंही तींच लक्षणें दिसतात. म्हणून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं मीटर लावून पाहावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट भरल्यास बॅटरी भरलेली समजावी. १२ च्या आसपास असल्यास ती रिकामी होत आली आहे. रिकामी म्हणजे मेलेली मात्र नव्हे. ती चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही सेल्फ दाबतांच आंकडा दहाच्या खालीं कोसळूं लागला, तर तिची आशा सोडावी. इंजिन जरा वेगांत चालू ठेवलें असतां आंकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढावयास हवा. तसें होत नसेल, तर बिघाड गाडीच्या चार्जिंगमध्यें आहे; तो काढल्यावांचून घातलेली नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेनें जाईल.

आमच्या प्रांतांत बॅटरीचा खरा वैरी म्हणजे ऊन. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी कोणास नवल वाटत नाहीं. बॅटरीच्या पोटांत शिशाच्या पट्ट्या व पातळ केलेलें गंधकाम्ल असतें. उष्णतेनें त्यांतील पाणी उडतें, पट्ट्या लवकर झिजतात, आणि गाडी उभी असतांनाही सांठलेली वीज ओसरत जाते. ठोकताळा असा कीं, तपमान १० अंशांनीं वाढलें म्हणजे बॅटरीचें आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. हें नुकसान पुष्कळदां उन्हाळ्यांत दिसत नाहीं. पौषांतील थंड पहाटे, चिखलदऱ्यास मुक्काम करून निघतांना, इंजिनांतील तेल घट्ट झालेलें असतें तेव्हां तें उघडकीस येतें. म्हणून बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असल्यास दसरा-दिवाळीच्या सुमारास ती तपासून घ्यावी, हें उत्तम.

“बॅटरी उतरली तर किक मारूं” हा जुना दिलासाही आतां पुरेसा नाहीं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिनाबरोबर सतत जळत असतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागीं विजेवर चालणारें इंधन-इंजेक्शन आलें. पंपास वीजच मिळाली नाहीं, तर अशा पुष्कळ गाड्या किकनेंही सुरू होत नाहींत. अनेक गाड्यांस तर किकच नसते. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला व त्याची गिनेस बुकांत नोंद झाली. परंतु रस्ता कितीही चांगला असला, तरी मूर्तिजापूर मागें पडल्यावर भर दुपारीं बंद पडलेल्या गाडीस त्याचा काय उपयोग?

आतां प्रत्यक्ष निवडीविषयीं. गाडीच्या पुस्तिकेंत व्होल्ट व अँपिअर-तास दिलेले असतात. तेच प्रमाण मानावें. १०० ते १२५ सी.सी.च्या गाड्यांस बहुधा ३ ते ५ अँपिअर-तासांची बॅटरी लागते, ३५० सी.सी.च्या भारी गाड्यांस ८ ते १४ ची. “मोठी घ्या, अधिक टिकेल” या सल्ल्यास भुलूं नये. ती खांचेंत नीट बसत नाहीं, आणि गाडीच्या चार्जिंगनें ती पुरती भरेल याचीही खात्री नसते. धन व ऋण टोकें जुनीप्रमाणेंच त्याच बाजूंस आहेत ना, हें अवश्य पाहावें. लिथियमची बॅटरी हलकी खरी, पण महाग. गाडीच्या कारखानदारानें मान्यता दिली नसेल तर तिच्या वाटेस जाऊं नये.

पेटीवर घातलेला तयार झाल्याचा महिना वाचावा. महिनोन् महिने उष्ण गोदामांत पडून राहिलेला माल स्वस्त मिळाला तरी महागच पडतो. दुकानांतच मीटर लावावयास सांगावें. आम्ल दुकानांत भरावयाची बॅटरी असेल, तर ती नियमाप्रमाणें पूर्ण चार्ज झाल्यावरच बसवून घ्यावी; घाईनें बसवलेली बॅटरी पहिल्या दिवसापासून दुबळी राहते. हमीपत्रावरील महिन्यांत विनामूल्य बदलून देण्याचे किती व केवळ किंमतींत सूट देण्याचे किती, हें विचारून घ्यावें, आणि बिल जपून ठेवावें. घरीं बदलणाऱ्यानें काढतांना ऋण तार प्रथम काढावी व बसवतांना ती शेवटीं जोडावी.

राहिली जुनी बॅटरी. ती माळ्यावर ठेवूं नये किंवा भंगारवाल्यास देऊं नये. उघड्यावर ती फोडली कीं आम्ल मातींत जातें आणि शिशाची धूळ हवेंत मिसळते. शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें, व त्याची निर्धोक अशी मात्रा ठाऊक नाहीं. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेतांना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी. तिच्याबद्दल किंमतींत सूटही मिळते. भंगारवाला चार रुपये अधिक देईल, पण ते शेजारच्या वस्तींतील एखाद्या बालकाच्या आरोग्यांतून आलेले असतील, हें गृहिणींनीं व गृहस्थांनीं ध्यानांत ठेवावें.